सात चाळीसचं रडणं

गेल्या वर्षी आमच्या घरात संध्याकाळी सात चाळीसला रडारड ठरलेली असायची. नातू तेव्हा अडीच वर्षांचा होता. सून मुंबईला नोकरी करते. डोंबिवलीला गाडीतून उतरून, रिक्षाच्या रांगेत उभी राहून घरी पोचेपर्यंत तिला तेवढे वाजतातच. नातू दुपारपर्यंत पाळणाघरात आणि नंतर माझ्याजवळ. दिवसभर गुणी बाळ. वरणभात जेवायचा, खिडकीतून कबुतरं मोजायचा, माझा हात धरून जिने चढायचा. बेल वाजली की धावत जाऊन आईच्या पायांना मिठी मारायचा. त्यानंतर दोनच मिनिटांत तिच्या पर्समधला फोन हवा म्हणून चपलांच्या स्टँडपाशी लोळण घ्यायचा. 'नाही' म्हटलं की टाचा फरशीवर आपटायच्या, चपला भिरकवायच्या, जवळ घ्यायला गेलं तर ओरबाडायचं. एकदा त्याने आईच्या दंडाला असा कडकडून चावा घेतला की चार दिवस दातांचे वण दिसत होते. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं व्हायचं. मग अधूनमधून मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, “अगं, दे ना त्याला. दिवसभर वाट बघत होता तुझी.” ती फोन द्यायची. क्षणात घर शांत.

मी तीस वर्षं बालवाडीत शिकवलं. दुसऱ्यांच्या मुलांचे कितीतरी हट्ट हाताळले. तरी आपल्याच घरात रोज त्या वेळी नेमकं काय घडतं आहे, हे मला सहा महिने दिसलं नाही. दिसलं त्यानंतर जे वाचलं, जे आठवलं आणि जे करून पाहिलं ते इथे लिहिते आहे. अशी संध्याकाळ खूप घरांत येते आणि तिच्यापायी नवरा-बायकोत, सासू-सुनेत नको ते शब्द बोलले जातात.

आमचं पहिलं म्हणणं चारचौघांसारखंच होतं. दिवसभर शहाणा असतो, आई आली की बिघडतो. म्हणजे आईनेच लाडावलाय. हे म्हणणं चुकीचं आहे आणि आईवर अन्याय करणारं आहे. पाळणाघरात लहान मूल सतत स्वतःला आवरत असतं. खेळणं दुसऱ्याला द्यायचं, रांगेत हात धुवायचे, झोप आली नसली तरी पडून राहायचं. मोठ्यांना ऑफिसात जशी दिवसभर माणसं सांभाळावी लागतात, तसंच ते. संध्याकाळपर्यंत ती ताकद संपते. पोटात भूक असते, अंगात थकवा असतो, आणि जिच्यापुढे कसंही वागलं तरी ती आपल्याला टाकणार नाही याची खात्री आहे, ती दारात उभी असते. तिला पाहून बांध फुटतो. तिच्यापुढेच रडणं हे तिच्यावरच्या विश्वासाचं लक्षण आहे. हे मी सुनेला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने ती स्वतःलाच दोष देत होती.

आता त्या लोळण घेण्याबद्दल. दीड ते चार वर्षांच्या मुलांत असं थैमान ही वाढीतली नेहमीची गोष्ट आहे. 'मी', 'माझं', 'नाही' हे शब्द या वयात येतात. आपण आईपासून वेगळं माणूस आहोत, आपली इच्छा वेगळी असू शकते, हा शोध मुलाला लागलेला असतो आणि तो शोध ते दिवसातून वीस वेळा तपासून बघतं. इच्छा मोठी, शब्द थोडे, आणि इच्छेला लगाम घालणारा मेंदूचा कपाळामागचा भाग अजून कच्चा. हा भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते. अडीच वर्षांच्या मुलाला 'जरा समजून घे' असं सांगणं म्हणजे त्याच्याकडे नसलेली वस्तू त्याच्याकडे मागणं.

चावणं, मारणं, ओढणं याबद्दल कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाचे संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची वाढ वर्षानुवर्षं पाहिली. माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त हात उगारतो तो तारुण्यात, असं आपण धरून चालतो. त्यांना दिसलं ते वेगळं. हाणामारीचं प्रमाण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त असतं आणि पुढे बहुतेक मुलांत ते उतरत जातं. मारायला कुणी शिकवावं लागत नाही. न मारायला शिकावं लागतं, आणि ते शिकायला काही वर्षं लागतात. म्हणजे आपला चावरा नातू पुढे गुंड होईल ही भीती निराधार आहे. तो शिकण्याच्या पहिल्या इयत्तेत आहे. त्याला उलट चावून 'बघ कसं दुखतं' असं दाखवायचा सल्ला अजूनही दिला जातो. तो कृपा करून मनावर घेऊ नका. मूल त्यातून एवढंच शिकतं की मोठी माणसंही चावतात.

रडण्याचा तो जो झटका असतो, त्यालाही एक घडण असते. अमेरिकेत मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये तीनशेहून अधिक लहान मुलांच्या अशा झटक्यांची आईवडिलांनी दिलेली वर्णनं तपासली. सुमारे तीन चतुर्थांश झटके पाच मिनिटांच्या आत संपले होते. पुढे पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या कपड्यांत चिमुकले मायक्रोफोन शिवून नुसत्या आवाजांचा अभ्यास केला. किंचाळणं आणि ओरडणं हा रागाचा आवाज, तर मुसमुसणं आणि कुरकुरणं हा दुःखाचा. राग झपाट्याने चढतो आणि लवकर ओसरतो. दुःख मात्र खाली वाहतच असतं. राग ओसरला की उरतं ते दुःख, आणि मग मूल स्वतःहून जवळ यायला बघतं.

रोजच्या व्यवहारात याचा फार उपयोग होतो. रागाच्या भरात मुलाशी बोलू नये. 'काय पाहिजे तुला? सांग तरी! असं करतात का? मागच्या वेळी काय ठरलं होतं?' असे प्रश्न म्हणजे पेटलेल्या चुलीत लाकडं सारणं. त्या वेळी त्याच्यापर्यंत शब्द पोचत नाहीत. डोकं आपटणार नाही, जिना किंवा गॅस जवळ नाही, एवढं बघायचं. जवळपास बसायचं, चेहरा शांत ठेवायचा, फार तर एकदा म्हणायचं, “तुला खूप राग आलाय. मी इथेच आहे.” आवाज बदलून मुसमुसणं सुरू झालं की हात पुढे करायचा. आमच्या घरी हा बदल ऐकायला मी शिकले. कांदा परतताना त्याचा वास बदलतो आणि आता मसाला टाकायचा हे कळतं, तसा तो आवाज ओळखू येतो.

आता जे मला सहा महिने दिसलं नव्हतं, त्याबद्दल.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या यूजीन शहरात जेराल्ड पॅटरसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. हट्टी, मारकुट्या मुलांना दवाखान्यात बोलावून तपासण्यापेक्षा त्यांच्या घरी जाऊन बसायचं आणि कोण कोणाला काय म्हणतं, त्यावर लगेच काय होतं, हे टिपून घ्यायचं, अशी त्यांची पद्धत. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींतून त्यांना एक सापळा दिसला. १९८२ च्या त्यांच्या पुस्तकात त्याची सविस्तर मांडणी आहे. मूल काही मागतं, मोठा नाही म्हणतो, मूल आवाज चढवतं, मोठा हरतो आणि देतो. मुलाला वस्तू मिळाली, म्हणून ओरडणं फायद्याचं असल्याचं ते शिकलं. एवढं तर कुणालाही कळेल. पॅटरसन यांचं खरं म्हणणं त्यापुढचं आहे. त्याच क्षणी मोठ्यालाही बक्षीस मिळालेलं असतं: शांतता. कानठळ्या बसवणारा आवाज थांबतो आणि देऊन टाकणं किती सुखाचं आहे हे मोठा माणूस शिकतो. दोघंही एकमेकांना शिकवत असतात, दोघांच्याही नकळत.

कधी कधी सापळा उलट्या बाजूने बसतो. मोठा चौथ्यांदा सांगताना खेकसतो, मूल दचकून ऐकतं, आणि खेकसल्याशिवाय काम होत नाही हा धडा मोठा गिरवतो. पुढच्या वेळी तो दुसऱ्यांदाच खेकसतो. मूलही तोवर ठरवून टाकतं की आवाज चढेपर्यंत ऐकायची गरज नाही. काही महिन्यांत सगळं घर चढ्या पट्टीत बोलू लागतं.

चपलांच्या स्टँडपाशी हेच चाललं होतं. फक्त त्यात दोन माणसं नव्हती, तीन होती. सून चार दिवस नाही म्हणायची, पाचव्या दिवशी माझ्या सांगण्यावरून द्यायची. इथे बी. एफ. स्किनर यांची कबुतरं आठवावीत. पेटीतल्या बटणावर चोच मारली की दाणा मिळतो हे कबुतराला शिकवलं, तर दाणा बंद झाल्यावर ते लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही असं केलं, तर ते कबुतर दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहतं. कधीतरी मिळणारं बक्षीस सगळ्यात चिवट सवय लावतं. आई नाही म्हणते, आजी हो म्हणते, बाबा रविवारी हो म्हणतात, पाहुणे आले की सगळेच हो म्हणतात. अशा घरात मुलाला हट्ट ताणून धरण्याचं इतकं उत्तम शिक्षण मिळतं की दुसरीकडे कुठे मिळणार नाही. नातू हट्टी नव्हता. आम्ही त्याला चिकाटी शिकवत होतो. आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा माझ्या मायेचा होता.

तरी सगळी मुलं सारखी नसतात हेही तितकंच खरं. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ पती-पत्नींनी १९५६ पासून शंभराहून जास्त मुलांना तान्हेपणापासून पाहिलं. सुमारे ४० टक्के मुलं जन्मतः सोपी निघाली: झोप, भूक वेळेवर, नवं माणूस चालतं. सुमारे १५ टक्के हळूहळू रुळणारी. आणि सुमारे १० टक्के अवघड: झोपेचा नेम नाही, प्रत्येक बदलाला विरोध, आनंद असो की राग, सगळंच जोरात. बाकीची मिश्र. आमच्या मुलाने लहानपणी कधी त्रास दिला नाही, असं सांगणाऱ्या बायकांना बहुधा सोपं मूल मिळालेलं असतं. त्यांनी अवघड मुलाच्या आईला संस्कार शिकवायला जाऊ नये. थॉमस आणि चेस यांचा निष्कर्ष असा की मुलाचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. बदल न सोसणाऱ्या मुलाला 'चल, ऊठ, निघायचंय' असं एकदम सांगणारं घर आणि 'अजून तीन घसरगुंड्या, मग घरी' असं सांगणारं घर, यांत त्याच मुलाचं वागणं वेगवेगळं दिसेल. (पाच मिनिटं म्हणजे किती, हे या वयात कळत नाही. तीन घसरगुंड्या कळतात.)

मुलाच्या बाजूने बघायचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडकांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर, मग १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालशिक्षण उभं केलं. त्यांच्या पुस्तकांत 'बालकांचा हट्ट' आहे आणि 'बिचारी बालके'ही आहे. ही दोन नावं शेजारी ठेवली तरी त्यांची दृष्टी कळते. आम्ही बालवाडीच्या बायका त्यांच्याच वाटेने शिकलो. घरी आल्यावर मात्र आम्ही आज्या होतो.

एका शनिवारी नातू झोपल्यावर आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी, हे, मुलगा आणि सून. कोणाचं चुकलं हा विषय काढायचा नाही, एवढं आधी ठरवलं. सगळंच सुधारायला न जाता एकच गोष्ट धरली: दारातला फोन. ठरलं असं की सून दाराबाहेरच फोन बंद करून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकेल. आत आल्यावर हातपाय धुण्याआधी, स्वयंपाकघरात डोकावण्याआधी दहा मिनिटं जमिनीवर त्याच्याजवळ बसेल. मी साडेसहालाच त्याला काहीतरी पोटभरीचं खायला देईन. आणि तो कितीही रडला तरी मी एक शब्द बोलणार नाही. ही शेवटची अट माझी मीच घातली, आणि चार अटींत तीच सगळ्यात कठीण होती.

त्या दहा मिनिटांचं तंत्र शीला आयबर्ग यांच्या कामातून घेतलं. १९७० च्या दशकात त्यांनी आईवडील आणि मूल यांना एकत्र बसवून शिकवायची पद्धत बसवली. आई मुलाशी खेळते, तज्ज्ञ एकतर्फी काचेमागे बसून तिच्या कानातल्या यंत्रातून सांगत राहतात. घरी रोज पाच मिनिटं सराव करायचा. नियम साधे आणि फार अवघड. मूल खेळेल तेच खेळायचं. हुकूम द्यायचा नाही. प्रश्न विचारायचा नाही. चुका काढायच्या नाहीत. ते काय करतं आहे ते बोलून दाखवायचं: “लाल गाडी पुलावर चढवलीस. आता दुसरी आली.” आणि चांगलं दिसलं की नेमकं तेच सांगायचं. 'शहाणा माझा राजा' यातून त्याला काही कळत नाही. 'गाडी मला हळूच दिलीस' यातून कळतं. आपण मुलांशी किती कमी बोलतो आणि किती जास्त विचारतो, हे तोंड आवरून बसल्याशिवाय समजत नाही. 'हा कुठला रंग? हा कुठला प्राणी?' ही तोंडी परीक्षा झाली, खेळ कुठला?

पहिल्या दिवशी तो रडला. दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी त्याने पर्सच उचलून फेकली आणि वीस मिनिटं इतका आकांत केला की मी गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभी राहिले. हे होणार हे मला माहीत होतं, म्हणूनच टिकले. टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले की आपण बटण सोडून देत नाही, आधी ते जोरात दाबून बघतो. रोज चालणारं रडणं आज चाललं नाही, तर मूल आधी रडण्याचा जोर वाढवतं. बहुतेक घरं नेमकी या दिवशी हरतात, आणि त्या दिवशी दिलं तर मूल शिकतं की रडणं चालायला एवढा जोर लागतो. सहाव्या दिवशी तो तीन मिनिटं रडला. दुसऱ्या आठवड्यात दारातूनच म्हणाला, “आई, गाली खेळू.” पुढे दोनदा जुनं सगळं परत आलं, एकदा ताप येऊन गेल्यावर आणि एकदा गावाहून आल्यावर. दोन्ही वेळा आधीपेक्षा लवकर मिटलं.

फोनबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन देऊच नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाच्या वर देऊ नये. जेवताना, रडताना, झोपवताना फोन हातात दिला तर भूक, राग आणि झोप या तिन्ही गोष्टी स्वतः ओळखायची मुलाची संधी जाते. रामाने चंद्र मागितला तेव्हा त्याला आरशात चंद्र दाखवला, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. मन दुसरीकडे वळवणं ही जुनी, चांगली युक्ती आहे आणि दोन वर्षांपर्यंत ती छान चालते. पण आरसा दाखवणारं माणूस मुलाजवळ बसलेलं असतं. फोन दिला की ते माणूस उठून जातं.

मारण्याबद्दल. टेक्सास विद्यापीठातल्या एलिझाबेथ गर्शॉफ आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून १ लाख ६० हजारांच्या आसपास मुलं होती. ज्या मुलांना जास्त मार मिळतो त्यांच्यात आक्रमकपणा जास्त आढळतो, कमी नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातला मारही कायद्याने बंद केला. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद झाली. घरातला धपाटा मात्र अजून मायेतच धरला जातो. मीही माझ्या मुलाला धपाटे घातले आहेत, आणि त्याने तो तेवढ्यापुरता थांबायचा म्हणून मला वाटायचं उपयोग झाला. तोच पॅटरसन यांचा सापळा. बागुलबुवा, 'पोलीसकाका नेतील', 'डॉक्टर सुई टोचतील' हे त्याच जातीचं. पुढे खरंच मूल हरवलं तर त्याने ज्या पोलिसाकडे धाव घ्यायची, त्याचीच भीती आपण त्याच्या मनात भरून ठेवतो.

कुठलाही उपाय करण्याआधी मुलाचं शरीर बघायला हवं. चिडचिडं मूल कितीदा तरी आजारी मूल असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्ताचं प्रमाण कमी आढळलं. दहातली जवळजवळ सात मुलं. लोह कमी पडलं की मूल किरकिरं होतं, दमतं, माती-खडू खातं. जेवण सोडून दिवसभर दुधाच्या बाटलीवर राहणाऱ्या मुलाला दूध पोसतं असं आजीला वाटतं, पण दुधात लोह जवळपास नसतंच. काही मुलं रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्ध हरपते. घराचा थरकाप होतो आणि त्यानंतर कुणी त्या मुलाला नाही म्हणायला धजत नाही. हे झटके बहुधा मिनिटाच्या आत आपोआप थांबतात आणि त्यांचाही लोहाच्या कमतरतेशी संबंध आढळतो. पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांना दाखवावंच, आणि रक्त तपासायला सांगावं. सर्दीनंतर कानात पाणी साठून ऐकू कमी आलेलं मूल 'ऐकत नाही' म्हणून बोलणी खातं. झोपेचं तर विचारूच नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री साडेअकराला मालिका संपल्यावर झोपून सकाळी सातला उठवलेलं मूल दिवसभर नीट कसं वागेल?

काही वेळा घरातल्या उपायांवर थांबू नये. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००८ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांत काळजीची लक्षणं पाहिली: झटक्यात स्वतःलाच इजा करणं, निम्म्याहून अधिक वेळा माणसांना मारणं किंवा वस्तू फोडणं, झटका सरासरी २५ मिनिटांहून लांबणं, स्वतःहून शांत होताच न येणं. याशिवाय नावाने हाक मारल्यावर बघत नाही, हवं ते बोटाने दाखवत नाही, आलेलं बोलणं मागे पडलं, असं दिसलं तर 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून वर्ष घालवू नये. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून तपासणी होते, आणि पुढच्या तपासण्या व उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. ती सेवा मोफत आहे. आणि आईच खचली असेल, रात्री रडत असेल, मुलाला काहीतरी करून बसेन अशी भीती तिला वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाच्या हट्टावर इलाज शोधताना आईची झोप आणि तिला रोज मिळणारा अर्धा तास मोकळा वेळ याला औषधाइतकं महत्त्व द्यावं. आमच्याकडे तो अर्धा तास माझ्या मुलाने उचलला. रात्रीचं अंथरूण आणि गोष्ट आता बाबाची आहे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंबद्दल लिहायचं राहिलं. त्यांचं दार किलकिलं झालं की सुनेला शरमेने मेल्यासारखं व्हायचं, आणि त्या शरमेपोटी ती कितीदा तरी हरली होती. त्या तिसऱ्या दिवशी, पर्स फेकल्यावर, दार पूर्ण उघडलं. बाई बाहेर आल्या, जिन्यावर घरंगळलेली पर्स, डबा, छत्री गोळा केली, आमच्या उंबऱ्यावर ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, “माझा धाकटा असाच होता. तुम्ही बसा त्याच्याजवळ.” आणि दार लावून घेतलं. लग्नाच्या हॉलमध्ये, किराणा दुकानात, बायकांच्या डब्यात एखादं मूल असं लोळण घेताना दिसेल, तेव्हा त्याच्या आईकडे टक लावून पाहू नका, तिला उपाय सांगू नका, चॉकलेट काढून देऊ नका. तिची पिशवी धरा.